डिजिटलला टाकायचं की ऑफसेटला? छपाईचं काम देण्याआधी हे बघा

प्रेसवर आलेला माणूस पहिलं काय विचारतो तर "भाऊ, एका कॉपीला कितीला पडतंय?" आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कारण एका कॉपीचा रेट ऑफसेटला (म्हणजे प्लेटा काढून शाईनं छापतात ते) बहुतेक वेळा कमीच दिसणार, हजाराच्या हिशोबानं सांगितला की अजूनच कमी दिसणार, मग दोनशेची गरज असलेला माणूस "आता एवढ्यात एवढं होतंय तर घेऊन टाकू" म्हणत हजार छापून बसतो आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर. माझं म्हणणं एवढंच आहे की हिशोब छापलेल्या कॉपीवर करू नका, वापरात गेलेल्या कॉपीवर करा. माळ्यावरच्या आठशे कॉप्यांचे पैसे त्या दोनशे कॉप्यांनीच भरलेले असतात.

फ्लेक्स-बॅनरचा विषय इथं नाही. पुस्तक, पत्रिका, माहितीपत्रक, सर्टिफिकेट, क्लासच्या नोट्स, हँडबिल असं कागदावरचं काम असेल तर डिजिटलला कधी टाकायचं तेवढंच सांगतो.

पैसा कुठं लागतो ते आधी समजून घ्या

ऑफसेटला फोर कलर काम म्हणजे चार प्लेटा (धातूचे पातळ पत्रे, एका रंगाला एक). प्लेटा काढायच्या, मशीनवर चढवायच्या, चारी रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंत कागद वाया घालवायचा, काम झालं की शाई धुवायची. हा सगळा खर्च १०० कॉप्यांना जेवढा तेवढाच ५००० ला. त्याच्यापुढं मात्र प्रत्येक कॉपीला कागद आणि जराशी शाई, बस. म्हणून नग वाढला की रेट धाडकन उतरतो.

डिजिटलला प्लेट नाही, फाईल गेली की छापून बाहेर. पण प्रत्येक छाप्याला टोनर आणि मशीनच्या कंपनीला द्यायचे 'क्लिक'चे पैसे लागतातच, त्यामुळं पहिली कॉपी आणि पाचशेवी कॉपी जवळपास सारख्याच भावाला पडते. "जास्ती देतो, कमी करा की" म्हणून कितीही घासाघीस केली तरी तिथं फार सुटत नाही, प्रेसवाला मुद्दाम अडवायलाय असं नसतं.

आता समजा, A4 साईजचं एका बाजूनं फोर कलर माहितीपत्रक आहे, १३० जीएसएम (कागदाचं वजन, त्यावरनं जाडीचा अंदाज येतो) आर्ट पेपरवर. डिजिटलला १२ बाय १८ इंचाच्या शीटला १२ रुपये लागले आणि एका शीटात A4 दोन बसले, म्हणजे कॉपी ६ रुपयाला. ऑफसेटला प्लेट, चढवणी, वेस्टेज धरून सुरुवातीचे ३००० आणि मग कॉपीला दीड रुपया. तर ३००० ला साडेचारनं भागा (सहातून दीड गेला की साडेचार), साधारण ६६७ येतात. त्याच्या आत डिजिटल, त्याच्या वर ऑफसेट. हे आकडे मी समजण्यापुरते धरलेत, तुमच्या गावचे भाव टाकून गणित तुम्हीच करा, मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पण तेच पत्रक दोन्ही बाजूनं छापायचं म्हणलं की गणित फिरतं आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डिजिटलला दोन बाजू म्हणजे दोन क्लिक, शीट गेलं २२ ला, कॉपी ११ रुपयाला. ऑफसेटला मात्र पुढची आणि मागची बाजू एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी लावतात, कागदाच्या एका बाजूनं सगळं छापून झालं की गठ्ठा पलटून त्याच प्लेटांनी दुसरी बाजू छापतात, ह्याला वर्क अँड टर्न म्हणतात. प्लेटा चारच राहिल्या, खर्च तोच ३००० आणि कॉपीला समजा १ रुपया ८० पैसे. आता भागाकार येतो ३२६. म्हणजे एका बाजूला ६६७ वर असलेली सीमा दोन बाजूंना निम्म्यावर आली. "पाचशेच्या आत डिजिटल" असा ठोकताळा लोक सांगत फिरतात तो म्हणूनच कामाचा नाही.

दर विचारताना "A4 कितीला?" असं विचारू नका, "शीट कितीला आणि माझे किती बसतात?" असं विचारा. साडेतीन बाय दोन इंचाचं व्हिजिटिंग कार्ड एका १२ बाय १८ मधी २४ बसतं. त्यामुळं १०० कार्ड सांगितली तरी पाच शीट लागणार आणि पाच शीटात १२० होतात. पैसे पाच शीटचेच द्यायचेत तर २० कार्ड कामून सोडायची?

व्हिजिटिंग कार्डाचा एक अपवादही सांगून ठेवतो. नग कमी असूनही तिथं ऑफसेट स्वस्त पडू शकतं, कारण मोठ्या शहरातले होलसेलवाले पाच-पन्नास गिऱ्हाइकांची कार्डं एकाच मोठ्या शीटवर लावतात आणि प्लेटांचा खर्च सगळ्यांत वाटला जातो, ह्याला गँग म्हणतात. गँगचं काम म्हणजे काळी-पिवळी जीप, सीट भरल्याशिवाय निघणार नाही, आणि तुमच्या एकट्यासाठी वळणारही नाही. शेजारच्या कार्डात गच्च लाल असेल तर तुमच्या कार्डातला रंग थोडा तिकडं झुकतो. लोगोच्या रंगावर जीव असेल तर गँगमधी टाकू नका.

किती लागणार, हे खरं खरं काढा

आता मूळ मुद्द्यावर. कवितासंग्रहाचं उदाहरण घेऊ कारण आपल्याकडं परभणी, अंबाजोगाई, नांदेड, कुठंही जा, स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणारे कवी भेटतातच. समजा ९६ पानी डेमी (कवितासंग्रहाच्या नेहमीच्या) साईजचं पुस्तक, ऑफसेटला ५०० प्रती ४०,००० ला, म्हणजे प्रत ८० रुपयाला. डिजिटलला प्रत १२० ला. ऐकल्याबरोबर कुणीही ऑफसेट म्हणणार. आता वर्षभरानं बघा, विकलेल्या, भेट दिलेल्या, समीक्षेला पाठवलेल्या मिळून १८० प्रती गेल्या. ४०,००० भागिले १८०, प्रत पडली २२२ ला. डिजिटलला पहिल्यांदा १५० काढून नंतर ३० काढल्या असत्या तर २१,६०० मधी भागलं असतं, प्रत १२० च्या १२० ला. ह्या हिशोबात ऑफसेट परवडायला निदान ३३४ प्रती खरंच हातून जायला पाहिजेत. तेवढे वाचक तुमच्याकडं नावानिशी असतील तर बिनधास्त ऑफसेट करा, ग्रंथालयांच्या ऑर्डरी हातात असतील तर मग प्रश्नच नाही.

नग काढायचा तर वही घेऊन नावं लिहा. "साधारण पाचशे लागतील" ह्या वाक्यातले तीनशे नुसते हवेतले असतात.

मजकूर किती दिवस टिकणार

हा प्रश्न नगाच्याही आधी विचारला पाहिजे असं मला वाटतं. अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका घ्या. सात दिवसांचे सात कीर्तनकार, प्रत्येकाची तारीख, काल्याचं कीर्तन कुणाचं, अन्नदाते कोण, भजनी मंडळं कोणती. पत्रिका छापून गावोगाव निघायच्या आत एखाद्या महाराजांची तारीख बदलते, नाहीतर अन्नदात्यांच्या यादीत भावकीतलं एक नाव राहिलेलं असतं आणि ते नाव राहिलं म्हणजे काय होतं ते मी सांगायला नको. असल्या कामाला सुरुवातीला १०० डिजिटल काढायच्या, त्या महाराज मंडळींना आणि गावातल्या जाणत्या माणसांना वाटायच्या, चार दिवस थांबायचं, ज्याला ओरडायचंय तो ओरडून घेईल, मग दुरुस्त करून राहिलेल्या दोन हजार ऑफसेटला टाकायच्या.

क्लासच्या फीचं पत्रक, हॉटेलचं मेनूकार्ड, बियाणं-खताच्या दुकानाची भावयादी, जे दर दोन-चार महिन्याला बदलणार ते थोडं थोडं डिजिटलला. लेटरहेड, पाकीट, फाईल कव्हर, जे दोन वर्ष बदलणार नाही ते ऑफसेटला.

लातूरकडच्या क्लासवाल्यांचं वेगळंच. दर आठवड्याला टेस्ट, प्रत्येक बॅचचा वेगळा पेपर, एका रंगात, आठशे-हजार कॉप्या आणि तेही उद्या सकाळी. ह्याला कलर डिजिटलही नको आणि ऑफसेटही नको, ह्याला रिसो मशीन. रिसोत एका पानाचा एक मास्टर (छिद्रांचा स्टेन्सिल) निघतो आणि त्याच्यावर भराभर छापून होतं, मास्टरचा खर्च वाटला गेला की शे-दीडशे कॉप्यांच्या पुढं झेरॉक्सपेक्षा स्वस्त पडतं. फक्त बारीक फोटो आणि जीवशास्त्राच्या करड्या छटांच्या आकृत्या त्यात चांगल्या येत नाहीत, तेवढी पानं लेझरला काढून मधी घाला.

प्रत्येक कॉपी वेगळी असेल तर

इथं डिजिटलला तोडच नाही. ४०० विद्यार्थ्यांची सर्टिफिकेटं, प्रत्येकावर वेगळं नाव, ओळखपत्रावर फोटो, कूपनवर वेगळा क्यूआर कोड, हे ऑफसेटला एका दमात होतच नाही कारण प्लेटवर जे आहे तेच छापणार. नग पाच हजाराच्या घरात असेल तर मधला रस्ता आहे, बॉर्डर, लोगो, रंगीत डिझाईन ऑफसेटला छापून घ्यायचं आणि नावं नंतर लेझरवर चढवायची. मात्र ऑफसेटवाल्याला आधीच सांगा की ह्याच्यावर लेझर मारायचाय, शाई पूर्ण वाळू द्या, दोन-तीन दिवस हात लावू नका. ओल्या शाईचा कागद लेझरच्या तापलेल्या रोलरखालून गेला की रोलरही खराब आणि कागदही.

ह्यात मराठीची डोकेदुखी वेगळी. शाळेकडून यादी येते ती अर्धी युनिकोडमधी आणि अर्धी श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमधी टाईप केलेली. एकाच एक्सेलमधी असं मिसळलं की मर्ज करताना (यादीतली नावं सर्टिफिकेटात आपोआप भरताना) निम्म्या मुलांची नावं अक्षरशः चिन्हांची रांगोळी होऊन येतात. सगळी यादी आधी एका फाँटमधी आणा. मग सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात अवघड नाव, म्हणजे ऋग्वेद, प्रज्ञा, ज्ञानेश्वर, कर्डिले, असे पाच-सहा नमुने काढून बघा. रफार शेजारच्या अक्षरावर गेलाय का, जोडाक्षर फुटलंय का, लांब नाव बॉर्डरच्या बाहेर चाललंय का. हे बघितल्याशिवाय ४०० ची कमांड देऊ नका.

सर्टिफिकेटावर सही-शिक्का होणार असेल तर चकचकीत आर्ट कार्ड घेऊ नका, शिक्क्याची शाई त्याच्यावर बसत नाही, पुसली जाते. बिनकोटिंगचा जाड कागद घ्या.

कागद आणि फिनिशिंग, इथं डिजिटल अडतं

टोनरची छपाई मूळ झेरॉक्सच्याच तत्त्वावर चालते, चेस्टर कार्लसननं १९३८ मधी शोधलेलं तेच. पावडर विजेच्या भारानं कागदावर ओढायची आणि उष्णतेनं वितळवून चिकटवायची. ऑफसेटची शाई कागदात मुरते, टोनर कागदाच्या वर थर धरून बसतो. (इंडिगोच्या मशीनला पावडर नसते, पातळ शाई असते, त्याचं गणित थोडं वेगळं. पण तालुक्याच्या गावात भेटतं ते बहुतेक टोनरचंच.) एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या सगळ्या भानगडी आपोआप कळतात.

घडी घातली की टोनर तडकतो. गडद रंगाचं फोल्डर असेल तर घडीवर पांढरी रेघ उठते. क्रिझिंग मारून (घडीच्या जागी खाच दाबून) मगच घडी, आणि घडी कागदाच्या ग्रेनच्या (तंतूंच्या) दिशेनं येईल असं बघा, नाहीतर मॅट लॅमिनेशन करा. डिझायनरला आधीच सांगून घडीवरचा रंग हलका ठेवला तर सगळ्यात चांगलं.

खरबरीत, टेक्स्चरच्या कागदावर खड्ड्यात टोनर पोचत नाही, ठिपके ठिपके दिसतात. लग्नपत्रिकेचे रेडिमेड कार्ड असतात, उठावाचे गणपती, सोनेरी फॉईल, वेलवेटचा हात दिलेला, ते डिजिटलमधून काढायचा हट्ट करू नका. फॉईल तापून निघतं, जाड-पातळ कार्ड मशीनमधी अडकतं. त्याला स्क्रीन प्रिंटिंग किंवा मिनी ऑफसेटच बरं. गावाकडच्या लग्नात पत्रिका हजाराच्या वर जातात, सगळ्या काका-मामा-आत्यांची नावं, "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" पर्यंत सगळं असतं, ती ऑफसेट नाहीतर स्क्रीनला जाऊ द्या. खास पाहुण्यांसाठी पन्नास वेगळ्या, फोटोवाल्या पाहिजेत तर त्या तेवढ्या डिजिटल.

लेटरहेड डिजिटलला काढू नका, त्यातही ऑफिसात लेझर प्रिंटर असेल तर मुळीच नाही. तेच लेटरहेड परत लेझरमधून गेलं की वरचा लोगो पुन्हा तापतो, चिकटतो, डाग पाडतो. बिल बुकाचा कार्बनलेस कागद, पर्फोरेशन (फाडायच्या जागी भोकांची रेघ), नंबरिंग, हेही ऑफसेटचंच काम. फक्त पाच-सहा पावती पुस्तकं पाहिजेत, मंडळाच्या वर्गणीपुरती, तर साध्या कागदावर नंबरसकट डिजिटलला होऊन जातात.

परफेक्ट बाइंडिंगचं (पाठीला गोंद लावून चिकटवलेलं) पुस्तक असेल तर कव्हरच्या आतल्या बाजूला पाठीपाशी रंग नको, टोनरच्या थरावर गोंद नीट धरत नाही आणि पुस्तक दुसऱ्यांदा उघडलं की कव्हर हातात. डिजिटलचा एक फायदा मात्र आहे, १६ पानांच्या फर्म्याचं (एका मोठ्या शीटवर एकत्र छापायच्या पानांचं) बंधन नाही. ऑफसेटला १०० पानं झाली की ११२ ला ओढा नाहीतर ९६ ला बसवा असं करावं लागतं, डिजिटलला १०० म्हणजे १००. सेंटर पिन (मधोमध पिन मारलेलं) असेल तर पानं चारच्या पटीत, तेवढं दोन्हीकडं सारखंच.

हवेचंही सांगून टाकतो कारण आपल्याकडं हे लई भोवतं. एप्रिल-मे मधी हवा कोरडी ठाक, कागदात स्टॅटिक येतं, दोन-दोन शीट चिकटून जातात आणि मधीच कोरी पानं निघतात. पावसाळ्यात उलटं, कागद ओल धरतो, जाम होतो, गडद भागात टोनर नीट बसत नाही. एसी चालू असलेल्या खोलीत मशीन आहे का, कागद रीमच्या वेष्टनात ठेवलाय का, हे प्रेसवर गेल्यावर नुसतं डोळ्यानं बघितलं तरी कळतं. आणि पुस्तक असेल तर मधल्या चार-पाच प्रती पान न पान उलटून बघाच.

रंग आणि फाईल

भगवा आणि निळा हे दोन रंग इकडं चुकून चालत नाहीत. मोबाईलच्या स्क्रीनवर दिसतो तो झगझगीत भगवा चार रंगांच्या छपाईत तसा निघत नाही, ना डिजिटलला ना ऑफसेटला. मॅजेन्टा (गुलाबी) ६० ते ७० टक्के आणि यलो (पिवळा) १०० टक्क्यांच्या आसपास ठेवून नमुना काढून बघा. १४ एप्रिलच्या पत्रिकेचा निळा हमखास जांभळा होतो, कारण डिझायनरनं सायन (आकाशी) १०० आणि मॅजेन्टाही १०० ठेवलेला असतो. मॅजेन्टा ६०-७० च्या वर नेऊ नका. डिजिटलची इथं सोय अशी की ज्या मशीनवर, ज्या कागदावर काम होणार त्याच्यावरच एक कॉपी काढून हातात घेता येते. ऑफसेटचा प्रूफ दुसऱ्याच मशीनवर निघालेला असतो, त्यामुळं तो मजकुरासाठी बघायचा, रंगाची खात्री त्याच्यावरनं करायची नाही. लोगोचा ठराविक पँटोन (नंबरानं ठरलेला) रंग किंवा खरा सोनेरी-चंदेरी पाहिजे असेल तर ऑफसेटला वेगळी शाई घालून घ्या.

वर्डची फाईल तशीच देऊ नका, पीडीएफ करून द्या, फाँट एम्बेड करा (फाईलमधीच बसवा), कोरलड्रॉची फाईल असेल तर मजकूर कर्व्ह करा (अक्षरांचा नुसता आकार करा). सगळीकडून ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर वाढवलेलं डिझाईन). आणि पीएचडीवाल्यांसाठी खास, थिसिसच्या चार-सहा प्रती म्हणजे डिजिटलचंच काम, पण मधल्या पानांवर निळ्या रंगातल्या लिंका आणि रंगीत आलेख विखुरलेले असले की मशीन ते अख्खं पान कलर धरतं आणि बिल फुगतं. लिंका काळ्या करा, रंगीत पानांचे नंबर वेगळ्या कागदावर लिहून द्या.

घाई असेल तर दोन्ही वापरा

प्रकाशन रविवारी आणि आज बुधवार, असं रोजचं आहे. छोट्या गावातून फोर कलर ऑफसेटचं काम बाहेरगावी जातं, वाळवणं, लॅमिनेशन, बाइंडिंग आणि मग गठ्ठे ट्रॅव्हल्सनं येणार, आठवडा धरूनच चाला. अशा वेळी स्टेजवर आणि पाहुण्यांना लागणाऱ्या ५० प्रती डिजिटलला काढा, बाकीच्या निवांत ऑफसेटला. दोन्हीचा रंग आणि कागदाचा हात थोडा वेगळा लागेल, ते चालवून घ्या. त्या ५० मधी सापडलेल्या चुका पुढच्या लॉटला सुधारता येतात हा वरचा फायदा.

निवडणुकीचं पत्रक असेल तर थोडेच नग आहेत म्हणून नियम सुटत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२७-क सांगतं की पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता पाहिजे. प्रकाशकानं सही केलेलं, दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतीत मुद्रकाला द्यायचं आणि छापून झाल्यावर मुद्रकानं त्यातली एक प्रत पत्रकाच्या एका प्रतीसकट जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडं (राज्याच्या राजधानीत छापलं तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं) पाठवायची. हातानं लिहून काढणं सोडलं तर कॉप्या वाढवायची कोणतीही पद्धत छपाईच धरली जाते, झेरॉक्ससुद्धा. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नावाची ओळ डिझाईन करतानाच टाकून घ्या.

माल ताब्यात घेताना गठ्ठ्याच्या वरची कॉपी बघून पैसे देऊ नका. मधली एक ओढा, गडद भागावर अंगठ्याचं नख हलकं घासून बघा, टोनर निघत असेल तर तिथंच दाखवा. एक कॉपी घडी घालून बघा. आणि जायच्या आधी बिलाच्या मागं लिहून घ्या, कागद कोणता, किती जीएसएम, कोणत्या मशीनवर निघालं, फायनल फाईलचं नाव काय. फायनल पीडीएफ स्वतःच्या मेलवरही पाठवून ठेवा, सहा महिन्यानं अजून पन्नास लागल्या की "तीच फाईल, तोच कागद" एवढं फोनवर सांगितलं तरी काम होतं.